उघडं दार आणि उघडी विद्या

माझा आवाज ज्या लहरींवरून तुमच्यापर्यंत येतो, त्यांच्याच घराण्यातल्या एका धाकट्या लहरीविषयी आज बोलायचं आहे. ही लहर तुमच्या-माझ्या घरात, टीव्हीच्या मागे ठेवलेल्या एका लहानशा डब्यातून निघते. त्या डब्याला राउटर म्हणतात.

पण सुरुवात रेडिओनंच करतो. आमच्या घरी अब्बांचा एक जुना वाल्वचा रेडिओ होता. त्या काळी रेडिओ बाळगायला परवाना लागायचा. पोस्टात जाऊन पैसे भरायचे आणि परवान्याच्या पुस्तिकेत तिकिट चिकटवून घ्यायचं. सरकारचा वचक एवढा, पण एक मोकळीक होती. रेडिओ बिघडला की अब्बा मागचं पुठ्ठ्याचं झाकण उघडून आत डोकावायचे. वाल्व कुठला लागला, कुठला नाही, ते आम्हा पोरांना दाखवायचे. परवाना सरकारचा असला तरी झाकणाचे स्क्रू आमच्या हातात होते. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पुढं मी बी. ए. झालो आणि तुर्भ्याच्या मसाला मार्केटमध्ये एका गाळ्यावर हिशेब लिहायला लागलो. लोक त्याला वाशी मार्केट म्हणतात. नाव वाशीचं, जमीन तुर्भ्याची! दिवसा मिरची-धण्याचे हिशेब आणि रात्री कविता, असा माझा संसार चालला.

आता तारीख सांगतो, २६ जुलै २००८. शनिवार होता. संध्याकाळी अहमदाबादमध्ये तासा-सव्वा तासात वीसहून अधिक बॉम्बस्फोट झाले. ज्या रुग्णालयात जखमींना नेलं जात होतं, त्याच्या आवारातही स्फोट झाला. ५६ माणसं गेली. पहिला स्फोट होण्याच्या काही मिनिटं आधी वृत्तवाहिन्यांना एक ई-मेल आला होता, 'इंडियन मुजाहिदीन' या नावानं. पोलिसांनी त्या मेलचा माग काढला आणि तो येऊन थांबला आमच्या सानपाड्यात!

तुर्भ्याहून लोकलनं वाशीकडं निघालात, तर पुढचंच स्टेशन सानपाडा. तिथल्या एका इमारतीत राहणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाच्या घरातल्या कनेक्शनवरून तो मेल गेला होता. त्या गृहस्थावर पुढं कोणताही आरोप ठेवला गेला नाही. त्यांच्या घरातलं वायरलेस बिनकुलपाचं होतं आणि बाहेरच्या कुणीतरी त्याचा वापर केला, असं तेव्हा सांगितलं गेलं. पुढच्या महिन्यात असाच मेल माटुंग्याच्या खालसा कॉलेजमधून गेला. १३ सप्टेंबरला दिल्लीत स्फोट झाले, तेव्हाचा मेल चेंबूरच्या एका कंपनीच्या वायरलेसवरून गेला. जानेवारी २००९ मध्ये मुंबई पोलिसांनी उघडी वायरलेस कनेक्शनं शोधण्याची मोहीम जाहीर केली. ज्याचं कनेक्शन बिनपासवर्डचं सापडेल, त्याला नोटीस. फेब्रुवारीत केंद्राच्या दूरसंचार खात्यानं इंटरनेट पुरवणाऱ्यांसाठी वायरलेस सुरक्षित करण्याच्या सूचना काढल्या. अहमदाबादच्या खटल्याचा निकाल लागायला फेब्रुवारी २०२२ उजाडलं. विशेष न्यायालयानं ४९ जणांना दोषी ठरवलं आणि त्यांतल्या ३८ जणांना फाशीची शिक्षा सुनावली.

त्या वर्षी मे महिन्यातच आमच्या घरी वायरलेस आलं होतं. केबलवाल्याच्या पोरानं डबा बसवला, दिवे लुकलुकले, तो चहा प्यायला. मी विचारलं, "पासवर्ड?" तो म्हणाला, "लागत नाही काका, असंच चालतं." मीही पुढं काही विचारलं नाही. चूक माझीच.

सानपाड्याची बातमी आली त्या रात्री अब्बांनी मला बोलावलं. म्हणाले, "आपल्या डब्याला कुलूप आहे का?" मी म्हटलं, "नाही." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "दुसऱ्याचं दार उघडं राहिलं तर लोक चूक म्हणतील. आपलं राहिलं तर काय म्हणतील?"

मी डब्याची पिन काढली, जुन्या टॉवेलात गुंडाळून तो कपाटावर ठेवून दिला. प्रामाणिकपणे सांगायला हवं की आमच्या दारावर कुणीही आलं नाही. शेजारचे काका नेहमीसारखे पेपर न्यायला येत, ईदला शिरखुर्मा प्यायला आले. पण दोन महिने दाराची बेल वाजली की मी आधी अब्बांच्या तोंडाकडं बघायचो आणि मग दार उघडायचो. ज्या डब्याच्या आत काय चालतं हे मला ठाऊक नव्हतं, त्याच्यासाठी मीच जबाबदार धरला जाणार होतो. त्या भीतीतूनच या विषयाची जिज्ञासा निर्माण झाली.

राउटर म्हणजे काय? आमच्या मार्केटच्या फाटकावर आवक-जावक लिहिणारा एक कारकून असतो. कुठली गाडी कुठल्या गाळ्याची, कुठला माल बाहेर जायचा, हे तो बघतो. राउटर तेच करतो. घरातला मोबाईल, कॉम्प्युटर, टीव्ही हे त्याचे गाळे. बाहेरून आलेलं माहितीचं पोतं नेमक्या गाळ्यावर पोचवायचं आणि आतलं बाहेर काढायचं, एवढं त्याचं काम. पण हा कारकून म्हणजे एक छोटा कॉम्प्युटरच आहे. त्याला प्रोसेसर आहे, स्मरणशक्ती आहे, आणि कारखान्यातच त्याला एक धडा शिकवून पाठवलेला असतो. वीज गेली तरी तो धडा पुसला जात नाही. या धड्याला फर्मवेअर म्हणतात. कारकून वाईट वागत असेल तर बऱ्याचदा दोष कारकुनात नसतो, धड्यात असतो. मग तो धडाच बदलता येईल का? कंपनीनं शिकवलेला पुसून, दुसऱ्या कुणी लिहिलेला, सर्वांनी तपासलेला धडा त्याला शिकवता येईल का?

येतो. आणि तो कसा येऊ लागला, याचा इतिहास मोठा रंजक आहे. मला तो सांगितला माझ्या भाच्यानं. तो महाप्याला एका कंपनीत नेटवर्कचं काम करतो. २०२० च्या टाळेबंदीत तो आमच्याच घरी अडकला. येताना कुठल्याशा ऑफिसच्या भंगारातून एक निळा-काळा, दोन शिंगांचा डबा घेऊन आला होता. म्हणाला, "मामू, ह्याला भंगार म्हणू नका. हा इतिहास आहे."

तो डबा लिंकसिस कंपनीचा, डब्ल्यूआरटी-५४-जी या घराण्यातला. लिंकसिस ही कंपनी तैवानहून अमेरिकेत गेलेल्या व्हिक्टर आणि जेनी त्साओ या दांपत्यानं १९८८ मध्ये कॅलिफोर्नियात सुरू केली. डब्ल्यूआरटी-५४-जी बाजारात आला २००२ च्या अखेरीस. पहिल्या आवृत्तीत १२५ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, १६ एमबी रॅम आणि धडा साठवायला ४ एमबी जागा. आजच्या मोबाईलवरचा एखादा फोटो त्या ४ एमबीत जेमतेम मावेल! मार्च २००३ मध्ये सिस्को या बलाढ्य कंपनीनं सुमारे ५० कोटी डॉलरना लिंकसिस विकत घेण्याचं जाहीर केलं.

आणि तिथंच गंमत झाली. जून २००३ मध्ये अँड्र्यू मिक्लास या तरुणानं लिनक्सवर काम करणाऱ्या मंडळींना कळवलं की या डब्याच्या पोटात लिनक्स आहे.

आता यात काय बिघडलं? ते कळायला आणखी वीस-पंचवीस वर्षं मागं जावं लागतं. १९८० च्या सुमारास अमेरिकेत एमआयटी या संस्थेच्या प्रयोगशाळेत झेरॉक्सचा एक लेझर प्रिंटर आला. त्यात कागद अडकायचा. तिथल्या रिचर्ड स्टॉलमन या तरुणाला त्याच्या प्रोग्राममध्ये थोडी भर घालायची होती. कागद अडकला की वाट बघणाऱ्याला कळावं, एवढीच. पण त्याला तो प्रोग्राम पाहायलाच मिळाला नाही. यंत्र समोर, बिघाड समोर, दुरुस्त करणारा हजर आणि झाकणाला स्क्रूच नाहीत! त्या अनुभवानं त्याला घडवलं, असं तो स्वतः सांगत आला आहे. १९८३ मध्ये त्यानं मुक्त सॉफ्टवेअरची चळवळ जाहीर केली आणि पुढं एक परवाना लिहिला. त्याला जीपीएल म्हणतात. त्याचं सार असं की हा प्रोग्राम कुणीही वापरावा, बदलावा, विकावासुद्धा. मात्र जो पुढं देईल त्यानं मूळ संहिताही पुढं द्यावी, म्हणजे घेणाऱ्यालाही तो बदलता येईल. फिनलंडच्या लिनस टोरवाल्ड्सनं १९९१ मध्ये लिनक्स लिहिलं आणि पुढच्याच वर्षी ते याच परवान्याखाली आणलं.

म्हणजे लिनक्स डब्यात घालून विकायला कुणाची ना नव्हती. अट एकच होती, घेणाऱ्याला संहिता द्या. ती दिली गेली नव्हती. आमच्या धंद्यात हे नेहमीचं आहे. मिरचीचं पोतं शेतकऱ्याकडून अडत्याकडं, अडत्याकडून व्यापाऱ्याकडं आणि पुढं कांडपवाल्याकडं जातं. शेवटच्या माणसानं विचारलं, "ह्यात काय काय आहे?" तर प्रत्येकजण मागच्याकडं बोट दाखवतो. इथंही तसंच. चिप ब्रॉडकॉमची, डबा तयार करणारी सायबरटॅन ही तैवानची कंपनी, नाव लिंकसिसचं आणि आता मालक सिस्को. पोतं चार हातांतून गेलं आणि त्यासोबतची चिठ्ठी वाटेत गळाली. पण चळवळीतल्या लोकांनी पाठपुरावा केला आणि त्याच वर्षी कंपनीनं संहिता खुली केली. पुढं इतर उत्पादनांवरूनही तक्रारी राहिल्या, तेव्हा डिसेंबर २००८ मध्ये फ्री सॉफ्टवेअर फाउंडेशननं सिस्कोवर दावा लावला. मे २००९ मध्ये तडजोड झाली.

संहिता हाती आल्यावर जगभरच्या हौशी लोकांना जणू रेडिओचं झाकणच उघडून मिळालं. जानेवारी २००४ मध्ये 'ओपनडब्ल्यूआरटी' हा प्रकल्प सुरू झाला. त्या नावातलं डब्ल्यूआरटी त्या निळ्या डब्यावरूनच आलं. २००५ मध्ये जर्मनीतल्या सेबास्टियन गॉट्शाल यानं 'डीडी-डब्ल्यूआरटी' काढलं. हे डीडी म्हणजे काय, तर ड्रेस्डेन शहरातल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवरची अक्षरं! आमच्या नवी मुंबईतल्या कुणी 'एमएच-४३' नावाचं फर्मवेअर काढावं, तसं. मला हा गावाभिमान फार आवडला.

ओपनडब्ल्यूआरटीवाल्यांची आणखी एक खोड. सुरुवातीची अनेक वर्षं ते आपल्या आवृत्त्यांना मद्याच्या मिश्रणांची नावं द्यायचे आणि राउटरच्या आत शिरलं की पडद्यावर त्या पेयाची कृतीही यायची. कुठली दारू किती, बर्फ किती! भाच्यानं निळ्या डब्यात जुनी 'व्हाइट रशियन' आवृत्ती घालून मला हे दाखवलं आणि ओशाळून म्हणाला, "मामू, मी नाही लिहिलं हां." मी म्हटलं, "अरे, आयुष्यात न चाखलेल्या मदिरेवर शेर लिहिणाऱ्यांच्या परंपरेतला माणूस मी. मला काय सांगतोस!" २०१६ मध्ये या प्रकल्पातले काही जण वेगळे झाले, २०१८ च्या सुरुवातीला परत एकत्र आले. तेव्हापासून आवृत्त्यांना वर्ष आणि महिन्याचे आकडे असतात. कवितेचं थोडं नुकसान झालं.

याचा आपल्या देशातला एक सुंदर उपयोग सांगतो. जानेवारी २००५ च्या अखेरीस भारत सरकारनं २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात कमी शक्तीची वायरलेस यंत्रं विनापरवाना वापरायला परवानगी दिली. अब्बांच्या रेडिओला जो परवाना लागायचा, तो या नव्या रेडिओला लागेनासा झाला. लगेच फेब्रुवारीत हिमाचलमधल्या धरमशाला इथं डोंगरउतारावरच्या तिबेटी निर्वासितांच्या संस्था आणि शाळा एकमेकांना वायरलेसनं जोडायला सुरुवात झाली. साधन कुठलं? बाजारात मिळणारे स्वस्त घरगुती राउटर आणि त्यांच्या पोटात ओपनडब्ल्यूआरटीवर बेतलेलं, गरजेप्रमाणं बदललेलं फर्मवेअर. एका घरासाठी बनवलेला डबा, त्याचा धडा बदलला आणि तो डोंगराच्या एका उतारावरून दुसऱ्या उतारावर निरोप पोचवू लागला.

आता माझ्या मूळ दुखण्याकडं येतो. दार आणि कुलूप.

हे सगळं ऐकल्यावर मी भाच्याला विचारलं, "अरे, संहिता सगळ्या जगासमोर उघडी, म्हणजे चोरालाही ती वाचता येणार. मग हे धोक्याचं नाही का? सानपाड्याला उघडेपणानंच घात केला ना?" त्यानं मला दोन गोष्टी दाखवल्या. तो निळा डबा कारखान्यातून यायचा तेव्हा त्याचं वायरलेस चालू आणि बिनकुलपाचं असायचं. नेटवर्कचं नाव 'लिंकसिस', आतला पासवर्ड 'अॅडमिन', दोन्ही जगजाहीर. ही एकाच कंपनीची तऱ्हा नव्हती, त्या काळी बाजारातला बराच माल असाच यायचा. ग्राहकाला त्रास नको, पिन लावली की चालू! आणि ओपनडब्ल्यूआरटी? ते नव्यानं घातलं की वायरलेस सहसा बंदच असतं. वायर जोडून आत जायचं, स्वतःचा पासवर्ड ठरवायचा आणि मग आपल्या हातानं ते चालू करायचं.

म्हणजे बघा, जी विद्या कुलूपबंद होती ती आपल्या घराचं दार सताड उघडं ठेवून यायची आणि जी विद्या सर्वांसाठी उघडी होती ती दार लावून येत होती. इतकी वर्षं मी या दोन उघडेपणांची गल्लत करत होतो.

हा विचार तसा जुना आहे. १८८३ मध्ये ऑगस्ट केर्कहॉफ्स या डच भाषापंडितानं लष्करी सांकेतिक लिपीवर फ्रेंचमध्ये एक निबंध लिहिला. त्यात तो म्हणतो की सांकेतिक यंत्रणा अशी हवी की ती शत्रूच्या हाती पडली तरी अडचण होऊ नये. गुपित फक्त किल्लीत असावं. कुलूप कसं बनतं हे गावच्या प्रत्येक लोहाराला माहीत असतं, म्हणून घरं लुटली जात नाहीत. उलट एका लोहाराला कुलपातली खोट दिसली नाही तर दुसऱ्याला दिसते.

ऑक्टोबर २०१७ मध्ये याचा प्रत्यय आला. बेल्जियमच्या मॅथी व्हानहूफ या संशोधकानं वायरलेसच्या सर्वमान्य कुलपातच, डब्ल्यूपीए-टू मध्ये, एक खोट दाखवून दिली. मुक्त फर्मवेअरवाल्यांनी काही दिवसांत सुधारित आवृत्ती काढली. कंपन्यांनी नव्या मालाची दुरुस्ती केली, पण जुन्या, विकून झालेल्या कित्येक डब्यांना ती कधीच मिळाली नाही. मे २०१८ मध्ये तर निरनिराळ्या देशांतले पाच लाख राउटर आणि तशी यंत्रं एका घातक प्रोग्रामनं बाधित झाल्याचं उघड झालं आणि अमेरिकेच्या एफबीआयनं लोकांना विनंती केली की आपापले राउटर बंद करून पुन्हा चालू करा! आपल्या नकळत आपला डबा दुसऱ्याच्या कामाला लागलेला. सानपाड्याचीच गोष्ट, लाखांच्या पटीत.

दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हे भाषण जाहिरात होईल. फर्मवेअर बदलता आलं की रेडिओची शक्ती आणि पट्टाही बदलता येऊ शकतो आणि मग तो डबा विमानतळाजवळच्या हवामान रडारलाही त्रास देऊ शकतो. या काळजीनं अमेरिकेच्या दूरसंचार आयोगानं २०१५ मध्ये कंपन्यांना विचारलं की असं परकं फर्मवेअर तुम्ही कसं रोखता. उदाहरण म्हणून चक्क डीडी-डब्ल्यूआरटीचं नाव घेतलं. काळजी खरी होती, पण उपाय भलताच. कंपन्या सगळंच बंद करून टाकतील, अशी भीती निर्माण झाली. तेव्हा इंटरनेटच्या जनकांपैकी एक असलेले व्हिंट सर्फ यांच्यासह अडीचशेहून अधिक जाणकारांनी आयोगाला पत्र लिहिलं की संहिता झाकू नका, ती तपासायला खुली करा. आयोगानं नंतर खुलासा केला की आम्हाला मुक्त फर्मवेअरवर बंदी घालायची नाही.

आणि आपल्यासारख्यांसाठी व्यवहाराच्या गोष्टी. फर्मवेअर बदललं की बहुतेक वेळा वॉरंटी जाते. प्रत्येक डब्याला ते चालत नाही. फायबरवाले देतात त्या डब्याला शक्यतो हात लावू नये, त्याच्यामागे आपला स्वतःचा राउटर जोडावा. देश म्हणून भारतच निवडावा, म्हणजे रेडिओ आपल्या कायद्यात राहतो. आणि फार जुन्या डब्यात मुक्त फर्मवेअरही नवं उरत नाही. ४ एमबीत आजचा धडा मावतच नाही. तो निळा डबा म्हणूनच आता फक्त इतिहास आहे.

सगळ्यात मोठी भीती असते ती डब्याची 'वीट' होण्याची. जुना धडा पुसला आणि नवा नीट लिहिला गेला नाही तर डबा ढिम्म होतो. इंग्रजीतही त्याला वीटच म्हणतात. आमच्या घरी हे प्रत्यक्ष झालं. ऑक्टोबर २०२०. मुलीचे शेवटच्या वर्षाचे पेपर ऑनलाइन होते आणि आमचा तेव्हाचा राउटर दर अर्ध्या तासानं मान टाकत होता. त्याला नवं फर्मवेअर मिळणं केव्हाच बंद झालं होतं. ११ तारखेच्या रविवारी रात्री भाचा म्हणाला, "मामू, तासाभरात करतो." त्यानं घाई केली. डब्याखालच्या चिठ्ठीवर नावापुढं आवृत्तीचा आकडा असतो. नाव तेच असलं तरी आकडा बदलला की आतलं यंत्र बदलतं. त्यानं दुसऱ्याच आकड्याचं फर्मवेअर चढवलं. सगळे दिवे विझले. मुलगी रडकुंडीला आली. बायको म्हणाली, "चांगला चालत होता, हात कशाला लावलात?" मी म्हटलं, "आपल्याकडं विटेवर देव उभा राहतो, धीर धर."

भाच्यानं मग शांतपणे काम केलं. बऱ्याच राउटरांत एक सोय असते. वीज दिल्यावर, धडा वाचायला घेण्याआधी, डबा काही सेकंद थांबतो आणि वायरवरून कुणी नवा धडा देतंय का ते बघतो. रिसेटचं बटण दाबून धरून तो क्षण साधावा लागतो. पहाटे तीनच्या सुमारास तो साधला. या वेळी त्यानं चिठ्ठीवरचा आकडा तीनदा वाचला, उतरवलेल्या फाइलची बेरीजही पडताळली आणि नवा धडा चढेपर्यंत कुणाला विजेच्या बटणाजवळ फिरकू दिलं नाही. दिवे लागले. आणि सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे, नवी मुंबई, सगळीकडची वीज गेली! १२ ऑक्टोबर २०२० चा तो प्रसंग तुमच्यापैकी पुष्कळांना आठवत असेल. त्या दिवशीचे पेपरही पुढं ढकलले गेले. रात्रभर जागून जिवंत केलेला डबा पुन्हा निपचित पडला. या वेळी दोष ना भाच्याचा होता, ना फर्मवेअरचा.

वीज आल्यावर भाच्यानं मला त्या राउटरच्या आतलं पान दाखवलं. वायरलेसच्या यंत्राचं नाव तिथं 'रेडिओ शून्य' असं होतं. होय, रेडिओच. मला अब्बा आठवले. ते २०१४ मध्ये गेले. भाषांच्या यादीत खाली खाली जाताना एक ओळीचं नाव दिसलं, 'मराठी'. कुणीतरी, कुठंतरी बसून, एक पैसा न घेता राउटरच्या पानाचं मराठी करायला घेतलं होतं. काही शब्द मराठीत, बरेच अजून इंग्रजीत. भाचा म्हणाला, "अर्धवट आहे मामू. कुणीही पुरं करू शकतं."

तेव्हापासून हिशेबाच्या वहीच्या मागच्या पानांवर मी शब्द लिहितो आहे. 'गेटवे'ला वेस म्हणावं का? गावाबाहेरच्या जगाकडं उघडणारी आणि रात्री लावून घ्यायची, तीच ना ती? 'गेस्ट नेटवर्क'ला पाहुण्यांची पडवी म्हणता येईल. आल्या-गेल्याला बसायला जागा मिळते, पण घराच्या आतल्या खोल्या आपल्या राहतात. हे शब्द कुणी घेतील की नाही, सांगता येत नाही. वहीत मात्र ते आहेत.

त्या रात्री पासवर्ड ठेवायची वेळ आली, तेव्हा भाच्यानं कीबोर्ड माझ्यापुढं सरकवला आणि स्वतः तोंड फिरवून बसला. मी पासवर्ड टाकला, 'रेडिओ शून्य' समोरचं बटण दाबलं. शेजारचे काका दुसऱ्या दिवशी पेपर न्यायला आले, तेव्हा त्यांना मोबाईलवर नातवाशी बोलायचं होतं. मी त्यांना पाहुण्यांच्या पडवीची किल्ली दिली. मग बेल वाजली, आणि मी कुणाच्या तोंडाकडं न बघता जाऊन दार उघडलं.